व्हीपीएन आणि वजनकाटा

१२ मे, देवरुख
सात वाजताच मेसेज: आजचा १.५ जीबी संपला, रात्री बारापर्यंत ६४ केबीपीएस. म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. जमिनीच्या कागदांची दोन एमबीची पीडीएफ उतरवायला चार मिनिटांच्या वर. भाचा लगेच म्हणाला, “मामा, व्हीपीएन टाका. कंपनीला पत्ताच लागत नाही.” टाकलं. कसंबसं जोडलं गेलं, पण चक्र आपलं फिरतंच आहे.

१३ मे
भाच्याचं अर्धंच खरं. व्हीपीएन पार्सलच्या आत काय आहे ते झाकतं. कंपनी बसलीय वजनकाट्यावर. उलट त्या वेष्टणाचंही वजन आपल्याच खात्यात.
माल ओळखून अडवणं आणि नुसतं वजन मोजून अडवणं, अमेरिकेत हे दोन्ही प्रकार एकाच कंपनीने करून दाखवले. २००७ मध्ये कॉमकास्ट बिटटोरंटच्या जोडण्या बनावट संदेश घुसवून तोडत होती. तिथे माल ओळखून अडवणूक होती, म्हणून झाकपाक करून निसटायला वाव होता. ऑगस्ट २००८ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, ते थांबवायला सांगितलं. (पुढे २०१० मध्ये कोर्टाने तो आदेश रद्द केला, ते वेगळं.) ऑक्टोबर २००८ पासून कॉमकास्टने महिन्याला २५० जीबीची मर्यादा घातली, मग तुम्ही काहीही बघा. आता झाकून काय उपयोग!

१५ मे
तरी खात्री केली. ‘फास्ट डॉट कॉम’ची चाचणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून होते. ती रडते, पण साधी स्पीडटेस्ट सुसाट आणि व्हीपीएन लावल्यावर हीही सुधारते, असं झालं तर व्हिडिओवर डोळा आहे असं समजावं. माझ्याकडे सगळ्याच सारख्या रडल्या.

१८ मे
फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापराची यादी उघडली. सगळ्यात वर फोटोंचा बॅकअप, खालोखाल व्हॉट्सअ‍ॅप. ऑटो-डाउनलोड बंद केलं, बॅकअप वायफायपुरता ठेवला, यूट्यूब ४८० वर. काल रात्री दहापर्यंत नेट पुरलं. पूर्वी बीएसएनएलच्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते आठ मोकळं रान असायचं, तेव्हा लोक गजर लावून डाउनलोड टाकायचे. ती पळवाट कंपनीनेच ठेवलेली, त्यामुळे चालायची.
माझी तक्रार वेगळीच आहे. २०१६ मध्ये ट्रायने घरगुती फिक्स्ड ब्रॉडबँडला बजावलं की मर्यादा संपली तरी वेग ५१२ केबीपीएसखाली नेऊ नका. मोबाइलवाल्यांनी काय घोडं मारलंय? भाच्याला म्हटलं, व्हीपीएनला पैसे घालण्यापेक्षा फायबरवाल्याला फोन कर. तिठ्यापर्यंत केबल आलीय म्हणतात.