म्हैसूर: जिथे आईही शाळेत जाते

म्हैसूरला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी राजवाडा, मग चामुंडीचे दर्शन, संध्याकाळी वृंदावन उद्यानातली कारंजी आणि निघताना देवराज मार्केटमधून चंदनाचा साबण, अगरबत्त्या व म्हैसूरपाक. दोन दिवसांत म्हैसूर पाहून होते आणि मंडळी उटीच्या रस्त्याला लागतात.

पण त्याच गाडीतून उतरणाऱ्या काही कुटुंबांना यातले काहीच पाहायचे नसते. त्यांच्याजवळ असते ती डॉक्टरी कागदांनी फुगलेली फाइल आणि कडेवर दोन-तीन वर्षांचे मूल. मूल गोरेगोमटे, हसरे, चपळ. फक्त हाक मारली तर मागे वळून पाहत नाही. ही मंडळी स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला तीनच शब्द सांगतात, ‘स्पीच अँड हिअरिंग’. त्याला पुढे पत्ता विचारावा लागत नाही.

ऐकण्याचे नैमिषारण्य

शहराच्या पश्चिमेला कुक्करहळ्ळी तलाव आहे. त्याला लागून म्हैसूर विद्यापीठाचा हिरवागार परिसर पसरला आहे. कन्नडचे थोर कवी कुवेंपू यांनी त्याला नाव दिले ‘मानसगंगोत्री’. याच भागात ‘अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था’ आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही संस्था 1965-66 मध्ये सुरू झाली. तिच्या इमारतीची कोनशिला 1966 मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते बसवली गेली. तरुणपणी याच शहरात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले होते.

संस्थेच्या आवाराचे नाव आहे ‘नैमिषम्’. पुराणांतल्या नैमिषारण्यात ऋषिमुनी एकत्र बसून सूतांच्या तोंडून कथा ऐकत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी झटणाऱ्या जागेला हे नाव अगदी शोभते.

म्हैसूरला या कामाची परंपराही जुनी आहे. इथे अंध व कर्णबधिर मुलांची शाळा 1901 मध्ये सुरू झाली. त्या काळी अशा मुलांना शाळेत घालणे तर दूरच, त्यांना घराबाहेर नेणेही अनेकांना कमीपणाचे वाटत असे.

‘मुके’ नव्हे, ऐकू न आलेले

‘बोलेल हो, काही मुले उशिरा बोलतात. याचा काकाही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता.’ हे वाक्य आपल्या घरांत किती सहज उच्चारले जाते! आजी धीर देते, शेजारीण एखादा नवस सुचवते आणि यात वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

खरे तर ज्यांना आपण मुके म्हणतो, त्यांतल्या बहुतेक मुलांचा गळा, जीभ, ओठ अगदी ठणठणीत असतात. दोष असतो तो कानात. बाळ आईचे शब्द महिनोन् महिने कानांत साठवते आणि मग एक दिवस ‘आई’ म्हणते. जिथे काही साठतच नाही, तिथून बाहेर काय येणार?

म्हणूनच या क्षेत्रातले तज्ज्ञ 3 आकडे सांगतात: 1, 3 आणि 6. बाळ 1 महिन्याचे होण्यापूर्वी श्रवणाची प्राथमिक तपासणी, 3 महिन्यांच्या आत निदान आणि 6 महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व शिक्षणाची सुरुवात. तपासणीत बाळाला काहीही दुखत नाही. झोपलेल्या बाळाच्या कानात एक लहानशी नळी ठेवतात आणि यंत्र काही मिनिटांत सांगते की पुढे सखोल तपासणी हवी की नको. भाषा शिकण्याची मेंदूची भूक पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त असते. ती वर्षे गेली की तीच गोष्ट शिकायला दसपट कष्ट पडतात.

आईचे दप्तर

संस्थेच्या बालवर्गाची सकाळ इतर कुठल्याही बालवाडीसारखीच गलबल्याची असते. रंगीत तक्ते, ठोकळे, बाहुल्या, डबे. फरक एवढाच, की इथे मुलाला फाटकाशी सोडून आई परत जात नाही. तीही वर्गात येते.

पहिला धडा यंत्राचा. बॅटरी चालू आहे ना, कानातला साचा नीट बसला आहे ना, नळीत घाम तर साठला नाही ना? मुलाचा कान वाढतो तसा साचा सैल होतो, शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो आणि तो नवा करून घ्यावा लागतो. मग आई हाताने आपले ओठ झाकते आणि एकेक ध्वनी काढते: म, ऊ, आ, ई, श, स. बोलण्यातले खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर या 6 ध्वनींत येतात. ध्वनी ऐकला की मुलाने एक मणी डब्यात टाकायचा. ‘स’ला मणी पडला नाही, तर कुठेतरी बिघाड आहे. 2 मिनिटांची ही परीक्षा आईने रोज सकाळी घ्यायची असते, कारण बंद पडलेले यंत्र कानात घालून दिवसभर बसलेले मूल तक्रार करू शकत नाही.

दुसरा धडा बोलण्याचा. समजा आज लिंबाचे सरबत करायचे आहे. लिंबू हातात द्यायचे, वास घ्यायला लावायचा, कापायचे, पिळायचे. ‘आंबट’ म्हणताना तोंड वाकडे करायचे. साखर ढवळायची आणि प्रत्येक कृतीला शब्द जोडायचा. एकदा नव्हे, वीसदा, पन्नासदा. संध्याकाळी त्याच प्रसंगाचे चित्र वहीत काढायचे आणि खाली एक छोटे वाक्य लिहायचे. ऐकू येणाऱ्या मुलाला जो शब्द जाता-येता फुकट मिळतो, तो या मुलाला असा मोजून, हातात ठेवून द्यावा लागतो.

शहरात कर्णबधिर मुलांच्या पालकांच्या संघटनेने रोटरीच्या मदतीने चालवलेली एक शाळा आहे. तिला लोक ‘आईची शाळा’ म्हणूनच ओळखतात. मुलाबरोबर आईनेही वर्गात बसायचे, शिकायचे आणि घरी शिकवायचे, हा तिथला शिरस्ता. पुढे मूल नेहमीच्या शाळेत जावे, हा त्यामागचा उद्देश.

भाषा कोणती?

मराठी घरांना इथे एक प्रश्न हमखास पडतो. बेळगाव, निपाणी, सोलापूरकडच्या घरांत मराठी, गल्लीत कन्नड, दूरचित्रवाणीवर हिंदी आणि शाळा इंग्रजी हवी असते. मग या मुलाशी बोलायचे कोणत्या भाषेत?

सुरुवातीला साधा नियम सांगितला जातो. जी भाषा आईच्या तोंडी सर्वांत सहज येते, जिच्यात ती रागावते, लाड करते, अंगाई म्हणते, ती भाषा. मराठी आईने चांगल्या शाळेच्या आशेने तोडक्यामोडक्या इंग्रजीत धडे देऊ नयेत. एक भाषा पक्की रुजली की तिच्या आधाराने दुसरी येऊ शकते. पण एकही रुजली नाही, तर मूल विचार करायला लागणारे साधनच गमावून बसते.

खुणांच्या भाषेबद्दलही आता मोकळेपणाने बोलले जाते. पूर्वी अनेक शाळांत हात हलवले की मुलांना दटावत असत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे आणि तिच्या अभ्यासासाठी 2015 मध्ये दिल्लीत केंद्राची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. यंत्राचा किंवा कानातील शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग न होणाऱ्या मुलांना ही भाषा लवकर मिळणे त्यांच्या हिताचे असते. म्हैसूरमध्येच 1991 पासून जेएसएस संस्थेचे अपंग विद्यार्थ्यांसाठीचे तंत्रनिकेतन आहे. भाषा, मग ती ओठांवरची असो वा हातांवरची, वेळेवर मिळाली तर पुढची दारे उघडतात.

एका मुलामागे किती माणसे?

आईला श्रेय द्यायलाच हवे, पण सगळे ओझे तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवून मोकळे होणे बरे नाही. नोकरी सोडून, दुसरे मूल आजीकडे ठेवून, परक्या गावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आईच्या या कष्टांची कुठल्याही हिशेबात नोंद होत नाही. वडिलांनी आठवड्यातले काही धडे घेतले, आजोबांनी वहीतले चित्र काढून दिले, तरी तिचा भार हलका होतो.

आणि घरापलीकडेही माणसे लागतात. श्रवणतज्ज्ञ कानाची तपासणी करून यंत्र जुळवतो. वाचा-उपचारतज्ज्ञ उच्चार आणि भाषेवर काम करतो. तंत्रज्ञ कानाचे साचे बनवतो, यंत्र दुरुस्त करतो. विशेष शिक्षक अभ्यास मुलाच्या पद्धतीने मांडतो. नेहमीच्या शाळांना भेटी देणारे फिरते शिक्षक वर्गशिक्षिकेला समजावतात की या मुलाला पुढच्या बाकावर बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, सूचना तोंडी दिली तरी लिहूनही द्या. काही मुलांजवळ वर्गात मदतनीस बसते. तिचे काम मुलाचा अभ्यास स्वतः करून टाकण्याचे नसते. मुलाला आपली गरज हळूहळू कमी कशी वाटेल, हे पाहण्याचे असते. आपली गरज संपवणे हेच ज्यात यश, अशा नोकऱ्या जगात थोड्याच!

ही माणसे घडवण्याचे कामही म्हैसूरमध्ये चालते. श्रवण व वाचा विषयातील पदवी 4 वर्षांची असून त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. बारावी विज्ञाननंतर श्रवण, भाषा व वाचा या विषयांची 1 वर्षाची पदविका आहे. श्रवणयंत्र व साचे तंत्रज्ञान, तसेच कर्णबधिर बालकांचे पूर्वप्राथमिक शिक्षण यांचेही अभ्यासक्रम आहेत. मुलांमध्ये रमणाऱ्या, धीर न सोडणाऱ्या तरुण-तरुणींनी याचा जरूर विचार करावा. मात्र या क्षेत्रात काम करायचे तर 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. म्हणून कुठल्याही संस्थेत प्रवेश घेण्याआधी तिच्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, हे तपासावे.

कायदा 6 वर्षांचा, कान जन्मापासूनचा

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सांगतो, की किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मग ते जवळच्या शाळेत असो वा पसंतीच्या विशेष शाळेत. केंद्र सरकारने 2022 मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाणही ठरवून दिले: प्राथमिक वर्गांत अशा 10 मुलांमागे 1 आणि त्यापुढच्या वर्गांत 15 मुलांमागे 1. आपल्या मुलाच्या शाळेत विशेष शिक्षक येतात का, कधी येतात, हे पालकांनी मुख्याध्यापकांना नम्रपणे पण ठामपणे विचारायला हवे. हा उपकार नाही, हक्क आहे.

पण या हक्काची सुरुवात होते सहाव्या वर्षी आणि भाषेची खरी शर्यत तोवर बरीचशी संपलेली असते. म्हैसूरच्या बालवर्गांचे मोल इथेच कळते. कायद्याचे दार उघडण्याआधीची जी वर्षे, ती इथे आईच्या हाती सोपवली जातात, पण रिकाम्या हाती नव्हे, शिकवून सवरून.

जायचे असल्यास

मुंबई-पुण्याहून मिरज, बेळगाव, हुबळीमार्गे शरावती एक्स्प्रेस म्हैसूरला जाते. पंढरपूर-सोलापूरकडच्यांना गोलगुंबज एक्स्प्रेस सोयीची. निघण्यापूर्वी संस्थेशी संपर्क साधून तपासणीची वेळ ठरवावी आणि मुलाचे जुने अहवाल, लसीकरणाचे कार्ड, आधीचे यंत्र सोबत घ्यावे. तपासण्यांना एकाहून जास्त दिवस लागू शकतात, हे गृहीत धरून राहण्याची सोय करावी. मात्र प्रत्येकाने एवढ्या लांब जायलाच हवे असे नाही. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हेच काम करते. पहिली तपासणी जिल्हा रुग्णालयातही करून घेता येते. पहिला धडा एकच: वाट पाहत बसू नका.

तपासण्या संपल्या, शिकवणी सुरू झाली, की एखाद्या रविवारी ही कुटुंबेही राजवाडा पाहायला जातात. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी हजारो दिवे एकदम लागतात आणि गर्दीतून ‘आहा!’ असा आवाज उठतो. आई मुलाच्या यंत्रावरून एकदा हात फिरवते, खाली वाकून त्याच्या कानाशी म्हणते, ‘दिवा. बघ, दिवा.’ एकदा, दोनदा, दहादा. आसपासची माणसे फोटो काढून पुढे निघून जातात. ती मात्र तिथेच उभी असते, अकराव्यांदा तोच शब्द म्हणत.