रेडिओ, टीव्ही आणि दुपारचा रतीब



मालिकांना इंग्रजीत ‘सोप ऑपेरा’ म्हणतात, हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. यातला सोप म्हणजे खरोखरच कपड्यांचा आणि भांड्यांचा साबण. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा त्यांचा खर्च साबणाचे कारखानदार करत. दुपारी घरी कोण असते? बाई. साबण कोण विकत घेते? तीच. मग तिला रोज पंधरा मिनिटांची गोष्ट ऐकवायची आणि मध्ये साबणाचे दोन शब्द सांगायचे. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे हा व्यवहार मला लगेच कळतो. गोष्ट फुकट नव्हती. तिचे पैसे साबणाच्या वडीत धरलेले होते.

आज लिहायचे आहे ते या दुपारच्या गोष्टींच्या प्रवासाबद्दल. त्या रेडिओवरून टीव्हीवर आल्या आणि आता टीव्हीवरून पैसे भरून, आपल्याला हवे तेव्हा पाहायच्या झाल्या. आपल्याकडेही तेच चालू आहे, म्हणून ही अमेरिकेची हकीकत आपल्या कामाची आहे.

शिकागोमध्ये इर्ना फिलिप्स नावाच्या एक बाई होत्या. आधी शिक्षिका, मग रेडिओसाठी लिहू लागल्या. १९३० मध्ये त्यांनी ‘पेंटेड ड्रीम्स’ नावाची श्रुतिका रोजच्या रोज सुरू केली. बायकांसाठी दुपारची पहिली मालिका म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढे त्या गोष्टीची मालकी कोणाची, यावरून रेडिओ केंद्राशी वाद झाला, कोर्टकचेरी झाली आणि फिलिप्सबाई हरल्या. त्यातून त्या एक धडा शिकल्या: आपले लिखाण आपल्या नावावर ठेवायचे. २५ जानेवारी १९३७ ला त्यांची ‘द गायडिंग लाइट’ सुरू झाली. पैसे प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणवाल्यांचे. आपल्या मोरीतल्या टाइड आणि एरियलची हीच कंपनी.

नावाचा अर्थ वाट दाखवणारा दिवा. गोष्टीतले एक धर्मोपदेशक आपल्या अभ्यासाच्या खोलीच्या खिडकीत दिवा लावून ठेवत. अडचणीतल्या माणसाला लांबून दिसावे, की इथे कोणी जागे आहे, इथे यायला हरकत नाही. मला ही कल्पना फार आवडली. आपल्याकडे मंदिरात संध्याकाळी दिवा लागला की लांबूनही बरे वाटते, तसेच काहीसे.

१९४१ च्या अखेरीस कंपनीने ही मालिका बंद केली होती. बायकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि काही महिन्यांतच ती परत सुरू झाली. १९५२ मध्ये ती टीव्हीवर आली. गंमत म्हणजे पुढची चार वर्षे तीच गोष्ट रेडिओवरही चालू होती आणि टीव्हीवरही. रेडिओ १९५६ ला थांबला. टीव्हीवर मात्र ती १८ सप्टेंबर २००९ पर्यंत चालली. दोन्ही मिळून ७२ वर्षे! आजीने सुरू केलेली गोष्ट नातीने पुढे ऐकावी, एवढा हा काळ आहे.

रेडिओ आणि टीव्ही यांतला फरक आपल्या पिढीने स्वतः अनुभवला आहे. रेडिओ बाईचे फक्त कान मागतो. माझ्या लहानपणी आई ‘वनिता मंडळ’ ऐकत शेंगा फोडायची, तांदूळ निवडायची. हात चालू, कान चालू. टीव्ही आला आणि डोळेही द्यावे लागले. ‘हम लोग’ १९८४ मध्ये सुरू झाली तेव्हा मी नवी सून होते. मालिकेच्या वेळेआधीच स्वयंपाक आवरलेला असायचा, आणि शेवटी अशोक कुमार काय सांगतात ते ऐकायला सासरेही ओटीवरून आत यायचे. त्या मालिका आपल्याला ठरलेल्या वेळी बसवून ठेवत, पण सगळ्यांना एकत्र बसवत, हेही खरे.

आणि तेव्हा सगळे फुकट होते असेही नाही बरं का. रेडिओ बाळगायला पोस्टातून लायसन्स घ्यावे लागे. वडिलांचे ते लायसन्सचे पुस्तक मी पाहिले आहे. मात्र एकदा ते झाले की घरातली कोणीही, अगदी अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा, खुंटी पिळून ऐकू शकत होती.

आता मुख्य गोष्टीकडे येते. याच इर्नाबाईंचा हात लागलेली आणखी एक मालिका म्हणजे ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’. ती ८ नोव्हेंबर १९६५ ला एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. सुरुवातीला पडद्यावर वाळूचे घड्याळ दिसते. जवळजवळ ५७ वर्षे ती दुपारी साध्या टीव्हीवर दिसत होती. छतावर अँटेना असली की पुरे. १२ सप्टेंबर २०२२ पासून वाहिनीने त्या वेळेला बातम्या लावल्या आणि मालिका पीकॉक या त्यांच्याच पैसे भरून पाहायच्या सेवेवर नेली.

मी तेव्हा न्यू जर्सीला लेकीकडे होते. अनंत चतुर्दशी होऊन तीनच दिवस झाले होते, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. लेकीच्या शेजारी एक ब्याऐंशी वर्षांच्या आजी एकट्या राहत. मालिका सुरू झाली तेव्हा त्यांचा थोरला मुलगा पाळण्यात होता. त्यांची एक बहीण ओहायोमध्ये. दोघी रोज एक वाजता आपापल्या घरी मालिका बघत आणि दोन वाजता फोनवर बोलत. कोण कोणाशी खोटे बोलले, कोणाचे लग्न मोडणार, असे सगळे झाले की मग गुडघे, औषधे, नातवंडे. त्यांच्या घरी इंटरनेट नव्हते. मुलगा शनिवारी तीन तास गाडी चालवून आला, सगळे जोडून दिले, आणि कुठले बटण आधी, कुठले नंतर, ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवून गेला. आजी हुशार होत्या, आठवड्यात शिकल्या. बहिणीने मात्र वर्गणी घेतली नाही. त्यामुळे मालिका मिळाली आणि दोन वाजताचा फोन गेला. म्हणजे फोन होई, पण कधी मंगळवारी, कधी रविवारी. आजी कोणाला दोष देत नव्हत्या. लेकीला एवढेच म्हणाल्या, “तिला फोन करायला आता कारण शोधावे लागते.”

हे वाक्य मी इतक्या वर्षांत विसरले नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. हा बदल झाला याला कारणे आहेत. दुपारी घरी असणाऱ्या बायका कमी झाल्या, नोकरीला लागल्या. घरात माणूस नाही तर जाहिरातदार पैसे कशाला देईल? आणि रोज एक तासाची मालिका करायची म्हणजे नट, लेखक, सेट, कपडे, केवढा खर्च. उलट पैसे भरून पाहायच्या सेवेला रोजची मालिका सोन्यासारखी. एखादा सिनेमा बघायला माणूस महिनाभर वर्गणी भरतो आणि सोडून देतो. रोजची मालिका बघणारी बाई सोडत नाही. हा दुधाच्या रतिबासारखा प्रकार आहे. एकदा रतीब लागला की गवळी निश्चिंत.

फायदा बायकांचाही आहे. माझी लेक नोकरी करते. मुले झोपली की ती अर्धा तास तिला हवे ते बघते. तिला दुपारी एकची वेळ काय कामाची? स्वयंपाक करपवून टीव्हीसमोर बसायची आमच्या पिढीची गुलामगिरी तिला नाही. शिवाय मालिकेचेही भले झाले. जिथे इतर जुन्या मालिका बंद पडल्या, तिथे हिला २०२५ च्या नोव्हेंबरात ६० वर्षे पूर्ण झाली. बंद पडण्यापेक्षा पैसे देऊन का होईना, चालू राहिली.

पण रतिबाचा भाव बघा. २०२२ मध्ये जाहिरातींसह वर्गणी महिना ४.९९ डॉलर होती, म्हणजे वर्षाला साठ डॉलरला बारा सेंट कमी. २०२५ च्या जुलैत ती १०.९९ झाली, म्हणजे वर्षाला जवळजवळ १३२ डॉलर. तीन वर्षांत दुपटीहून जास्त. आणि ‘जाहिरातींसह’ हा शब्द नीट वाचा. पूर्वी साबणवाला पैसे भरायचा म्हणून आपण जाहिरात ऐकायचो. आता पैसेही आपण भरायचे आणि जाहिरातही आपणच बघायची. जमाखर्चाच्या वहीत ही नोंद कुठल्या बाजूला करायची, मला अजून समजलेले नाही.

फुकटच्या गोष्टीचा आणखी एक उपयोग होता, तो पैशात मोजता येत नाही. १९६२ मध्ये ‘द गायडिंग लाइट’ची लेखिका ॲग्नेस निक्सन हिने गोष्टीतल्या एका गृहिणीला गर्भाशयाचा कर्करोग झाल्याचे दाखवले. वेळेवर तपासणी केली म्हणून ती वाचते. निक्सनची एक मैत्रीण या आजाराने गेली होती. पण कर्करोग हा शब्द उच्चारायचा नाही, गर्भाशय म्हणायचे नाही, अशी अट वरून आली. तिने ते शब्द न वापरता गोष्ट सांगितली. बायकांना बरोबर समजली. आपल्याकडेही अशा गोष्टी बायका कुजबुजतच एकमेकींना सांगतात, शब्द न वापरता. ही गोष्ट ज्या बाईपर्यंत पोहोचायला हवी होती, ती कदाचित वर्गणी भरणारी नव्हतीच. ती भांडी घासता घासता ऐकणारी होती.

आपल्या बारा व्रतांत भोगोपभोगाचे परिमाण सांगितले आहे. स्वाध्यायात आपण शिकलो: एकदा वापरले की संपते तो भोग, जसे अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येते तो उपभोग, जसे वस्त्र. रेडिओवरची गोष्ट म्हणजे भोग. ऐकली, संपली, उद्यापर्यंत वाट बघा. आता तीच गोष्ट उपभोगात आली आहे. कपाटात साड्या असाव्यात तशी हजारो भागांची चळत तयार, हवा तो काढा. मर्यादा पूर्वी वेळापत्रक घालायचे, आता आपली आपल्यालाच घालावी लागते. महाराजांना विचारले तर ते म्हणतील, भांडणाच्या कथा ऐकणे ही दुःश्रुती, अनर्थदंडातच जमा. ते खरेच आहे. पण घरात एकटे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाकाठी एक ओळखीचा आवाज हवा असतो, हेही मी पाहिले आहे.

परत आल्यावर आमच्याही घरी हा विषय निघाला. मुलगा म्हणाला, “आई, आता सगळे फोनवर दिसते, डिशचे पैसे कशाला?” हिशेब त्याचा बरोबर होता. मी वही काढली आणि एकच गोष्ट त्याला दाखवली. घरात टीव्ही सगळ्यांत जास्त कोण बघते? तुझी आजी. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, फोनवर बोट ठेवले की भलतेच उघडते. तिला पासवर्ड लक्षात राहणार का? प्रत्येक वेळी “अरे बाळा, जरा लावून दे” म्हणायचे, आणि बाळ मीटिंगमध्ये. ज्या बाईने चाळीस वर्षे घराच्या किल्ल्या कमरेला वागवल्या, तिला बटण दाबायला नातवाची परवानगी लागावी का?

तोही समजूतदार आहे, लगेच म्हणाला, “राहू दे.” त्याच्या नि सूनबाईच्या फोनवरच्या तीन वर्गण्यांपैकी एक कोणी बघतच नव्हते, ती बंद केली. त्या पैशात सासूबाईंची डिश निघते.

तुमच्याही घरी हा प्रश्न येईल, तर दोन-तीन गोष्टी सुचवते. घरात चालू असलेल्या सगळ्या वर्गण्या एका कागदावर लिहा, आपोआप पैसे कापले जाण्याची तारीख शेजारी टाका. चातुर्मासात जशा भाज्या सोडतो, तशी एखादी वर्गणी चार महिने सोडून बघा. आणि नुसतेच खर्चाचे कारण असेल, तर लक्षात ठेवा, डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. एकदा तबकडी आणि बॉक्स घेतला की झाले. त्याहूनही स्वस्त म्हणजे आकाशवाणी. सेल बदलले की बोलू लागते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र आधी विचारा. त्या काय बघतात, किती वाजता बघतात, आणि बघून झाल्यावर कोणाशी बोलतात. हे तिसरे विचारायचे राहून जाते.

सासूबाईंच्या डिशचा खर्च मी वहीत करमणुकीच्या रकान्यात लिहीत नाही. औषधपाण्याच्या रकान्यात लिहिते. अजून घरात कोणी हरकत घेतलेली नाही.