काळे मांजर आणि भानामती

आमचे बालपण नांदेड आणि लातूर या दोन गावांत विभागून गेले. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना मांजराविषयी दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. काळे मांजर आडवे गेले, तर चार पावले मागे फिरावे. आणि हातून मांजर मेले, तर काशीला सोन्याचे मांजर वाहिल्यावाचून पाप फिटत नाही. ज्याचे भय, त्याच्यावरील अन्यायाचाही हिशेब ठेवला जात होता.

कानेतो शिंदो यांचा १९६८ सालचा ‘कुरोनेको’ हा जपानी भयपट आमच्या पाहण्यात आला, तेव्हा हा हिशेब आठवला. ‘कुरोनेको’ म्हणजे काळे मांजर. युद्धाच्या धामधुमीत सामुराई योद्धे एका झोपडीत शिरतात, सासू-सुनेवर अत्याचार करून घर पेटवून देतात. त्यांच्या प्रेतांपाशी एक काळे मांजर येते. पुढे त्या दोघी मार्जाररूपी पिशाच्चे होऊन सामुराईंचे गळे फोडू लागतात. त्यांचा नायनाट करण्याची आज्ञा होते ती घरच्याच मुलाला. कारण तोही आता सामुराई झालेला असतो!

वाचकहो, जिवंतपणी या दोघींचे गाऱ्हाणे ऐकणारे कोणी नव्हते. आमच्या मराठवाड्यातील भानामतीची कथा याहून फारशी निराळी नाही. भानामतीने पछाडलेल्या म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रिया कुत्र्यासारख्या भुंकत, मांजरासारख्या ओरडत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्याशी आपुलकीने संवाद साधला, तेव्हा सासुरवास, मारहाण आणि मनात कोंडलेले दुःख बाहेर आले. गाव मात्र करणी करणाऱ्याचा शोध घेई आणि ठपका बहुधा एखाद्या निराधार बाईवर येई.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी केल्याचा आळ घेऊन कुणाचे जगणे असह्य करणे हा आता गुन्हा आहे. परंतु सुनेच्या घशातून असा आवाज का येतो, हे विचारणे कायद्याच्या हाती नाही. ते घरच्यांनीच विचारावयाचे आहे. चित्रपटातील मुलगा आईला ओळखतो आणि तरीही तिच्यावर तलवार उगारतो. देवऋष्याकडे नेण्यापूर्वी त्या लेकीबाळीला जवळ बसवून ‘बाई, तुला काय होते?’ एवढे विचारले, तरी पुष्कळ होईल, असे आम्हांस वाटते.