लागणे आणि जिंकणे



तुमच्या घरातील एखादा खण उघडून पाहा. विजेची जुनी बिले आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांच्याखाली एखादे कूपन बहुधा सापडेल. साड्यांच्या दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा एखाद्या प्रदर्शनात घाईघाईने भरून दिलेल्या कुपनाचा तो आपल्याकडे राहिलेला अर्धा भाग असतो. त्यावर विमान असते, निळा समुद्र असतो आणि ठळक अक्षरांत एक आज्ञा असते : 'सिंगापूरची सहल जिंका!' भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष त्या समुद्राकडे कमी आणि क्रियापदाकडे अधिक जाते. 'जिंका' या एका शब्दापाशी मी आयुष्यात दोनदा अडखळलो आहे. त्याविषयी तुमच्याशी बोलावे, असे पुष्कळ दिवस मनात होते.

प्रथम आपली नेहमीची बोली आठवा. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तिचे तिकीट घेणारा मराठी माणूस 'मला लॉटरी लागली' असे म्हणत आला आहे. 'मी लॉटरी जिंकलो' असे तो सहसा म्हणत नाही. 'मला भूक लागली', 'मला ठेच लागली', 'मला नोकरी लागली' या वाक्यांच्या पंक्तीतच हे वाक्य बसते. या सर्व वाक्यांत माणूस चतुर्थीत असतो. तो काही करीत नाही. त्याच्या बाबतीत काही घडते. व्याकरणदृष्ट्या कर्तेपण भुकेकडे, ठेचेकडे किंवा लॉटरीकडे जाते. 'बक्षीस' हा शब्दही आपण फारसीतून घेतला आणि त्याचा मूळ अर्थ देणे, बहाल करणे असा आहे. म्हणजे त्यातही मोठेपण देणाऱ्याचे. चिठ्ठ्या टाकून नावे काढण्याला आपण 'सोडत' म्हणतो, तिथेही आपल्या हातात काही उरत नाही. दैवाने मिळते त्याचे श्रेय माणसाने घेऊ नये, ही समज आपल्या भाषेने क्रियापदांतच घालून ठेवली आहे.

ही समज किती शहाणपणाची आहे, हे मला उशिरा कळले. ती कुठे अपुरी पडते, हे त्याहूनही उशिरा कळले.

आमचे घर मिरजेत होते. वडील रेल्वेत गार्ड होते. रेल्वेच्या पासावर आम्ही कन्याकुमारीपर्यंत जाऊन आलो होतो. 'फुकट प्रवास' असे कोणी म्हटले की वडील चिडत. "पास फुकट नसतो, रात्रपाळीचा असतो," असे ते म्हणत. आईला मात्र विमानाची ओढ होती. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणे घालताना एखादे विमान उंचावरून जाऊ लागले, तर ते दिसेनासे होईपर्यंत तिचा पीठ लागलेला हात कपाळावरच राही. त्या काळात चहाच्या पुड्यांवर, साबणांवर, दंतमंजनांवर स्पर्धा असत. वेष्टनाचा तुकडा कापायचा, 'मला अमुक आवडते, कारण...' हे वाक्य दहा शब्दांत पूर्ण करायचे आणि पाकिटात घालून मुंबईच्या पत्त्यावर धाडायचे. आई वेष्टने जपून ठेवी. वाक्ये लिहिण्याचे काम माझ्याकडे असे, कारण मी मराठी घेऊन बी. ए. करीत होतो.

ही वाक्ये का लिहून घेत असत, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्याचे उत्तर कायद्यात आहे. पैसे किंवा खरेदीची अट घालून केवळ चिठ्ठ्यांवर बक्षीस वाटले, तर ती लॉटरी ठरते आणि खासगी लॉटरी चालविणे आपल्याकडे गुन्हा आहे. शब्दकोड्यांच्या बक्षिसांना आळा घालण्यासाठी १९५५ मध्ये केंद्राने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. चमारबागवाला खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे. दैव आणि कौशल्य यांच्यामध्ये अशी एक रेषा आखली गेली आणि चहाच्या पुड्यावरचे ते दहा शब्द त्या रेषेच्या सुरक्षित बाजूला येऊन बसले. कित्येक जाहिरातींखाली बारीक अक्षरांत 'तामिळनाडूत ही योजना लागू नाही' असे असे, कारण त्या राज्याने १९७९ मध्ये बक्षीस योजनांवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा केला होता. 'लागू' हा शब्दही पाहून ठेवा. 'अटी लागू' मधला 'लागू' आणि 'लॉटरी लागली' मधला 'लाग' यांचे मूळ एकच आहे. बक्षीस एखाद्यालाच लागते. अटी मात्र सर्वांनाच लागतात.

१९८८ च्या पावसाळ्यात चहाच्या एका स्पर्धेसाठी मी तीन वाक्ये लिहून दिली. त्यांपैकी एक अजून पाठ आहे : 'मी हाच चहा घेते, कारण तो तनाला तजेला, मनाला मोद, मैत्रीला माधुर्य देतो.' अनुप्रास साधल्याचा मला कोण अभिमान! दिवाळीनंतर पत्र आले. आईच्या नावे बक्षीस होते : तिला आणि एका सोबत्याला मुंबईहून दिल्लीचा विमानप्रवास, जाणे-येणे, आणि आग्र्याची सहल. पत्रात विजयी वाक्य छापले होते : 'मी हाच चहा घेते, कारण सगळ्यांना देऊन उरलेला घोटही मला गोड लागतो.'

हे वाक्य माझे नव्हते.

मी आईकडे पाहिले. ती ओशाळून म्हणाली, "एक वेष्टन उरले होते रे. वाया कशाला घालवायचे, म्हणून मी आपले काहीतरी लिहून टाकले." शेजारच्या काकू आल्या तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला बक्षीस लागले." काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोराने पांग फेडले." आई हसली. मी काही बोललो नाही. आठवड्याने महाविद्यालयाच्या फलकावर माझ्या नावाने अभिनंदन लागले. ज्या सरांकडे मी भाषाविज्ञानाचे पहिले धडे घेत होतो, त्यांनी वर्गात मला उभे केले आणि टाळ्या वाजवावयास सांगितले. मी टाळ्याही घेतल्या. विजयी वाक्य कोणते, असे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

वडील म्हणाले, "मी रूळ सोडून कुठे जायचा नाही." म्हणून आईबरोबर मी गेलो. मुंबईपर्यंत महालक्ष्मी एक्सप्रेसने, वडिलांच्या पासावर, तेथून विमानाने. खिडकीजवळ आई बसली होती. हवाईसुंदरीने चहा आणला आणि पहिला कप आईच्या हातात दिला. आईने तो माझ्यापुढे सरकविला. इतक्या वर्षांची सवय होती ती. आणि मी तो घेतला. त्या क्षणी तिचे वाक्य माझ्या समोर घडत होते आणि मराठीचा विद्यार्थी असूनही मला ते वाचता आले नाही.

पुढे माझा डॉक्टरेटचा अभ्यास याच चतुर्थीतल्या माणसावर झाला : 'मला वाटते', 'मला दिसते', 'मला लागते'. प्रबंधात शेकडो वाक्ये होती. 'आम्हाला बक्षीस लागले' हे आईचे वाक्य त्यांत नव्हते.

दुसऱ्यांदा अडखळलो ते सात-आठ वर्षांपूर्वी, पुण्यात. एका प्रदर्शनात पत्नीने कूपन भरले होते. फोन आला : "अभिनंदन सर! तुम्ही तीन रात्री, चार दिवसांची सहल जिंकली आहे. पती-पत्नी दोघांनी येऊन बक्षीस घेऊन जा." हॉटेलच्या सभागृहात गाणी चालू होती. दीड तास म्हणून बसविले आणि तीन तास झाले. सुटीतील निवासाचे पंचवीस वर्षांचे सभासदत्व आम्ही आजच, याच टेबलावर घ्यावे, असा आग्रह होता. कोणी होकार दिला की घंटा वाजे आणि सगळे टाळ्या वाजवीत. आम्ही नकार दिल्यावर एक पाकीट मिळाले. प्रवासखर्च आपला, सणासुदीला सवलत नाही, दीड महिना आधी कळवावे, सेवाशुल्क आगाऊ भरावे. ती सहल आम्ही कधीच केली नाही.

परंतु त्या सभागृहातील एक क्षण मला मोलाचा वाटतो. समोर बसलेल्या मुलीला मी विचारले, "बाई, मी नेमके काय केले म्हणून जिंकलो?" ती गोंधळली. पाठ केलेली वाक्ये संपली होती. मग ती अगदी घरगुती मराठीत म्हणाली, "तसे नाही सर... तुमचा नंबर लागला." जाहिरातीचे क्रियापद गळून पडले आणि आपल्या भाषेचे प्रामाणिक क्रियापद तिच्या तोंडी आपोआप आले.

ज्या ठिकाणी आपण काही केलेले नसते, तिथे 'जिंकलात' हा शब्द आपल्याला कर्तेपण बहाल करतो. एकदा ते स्वीकारले की मिळालेले हातचे जाऊ न देण्याची जबाबदारीही आपलीच वाटू लागते. मग माणूस शुल्क भरतो. अशा बक्षिसावर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो, आणि बक्षीस वस्तूच्या किंवा सहलीच्या रूपात असेल तर ते हाती येण्यापूर्वी कर भरला जावा लागतो, हा नियम खरा आहे. म्हणूनच तो भामट्यांना उपयोगी पडतो. 'आधी कर भरा, मग बक्षीस' असे सांगून अनोळखी खात्यात पैसे मागणारे दूरध्वनी तुमच्यापैकी अनेकांना आले असतील. अशा वेळी एकच प्रश्न स्वतःला विचारा : या वाक्यातला कर्ता खरोखर मी आहे का? मी कुठली स्पर्धा दिली होती?

विमान कंपन्यांनी या शब्दसंग्रहात तिसरे क्रियापद आणले : 'कमवा'. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी नेहमीच्या प्रवाशांसाठी मैलांची योजना सुरू केली आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. आता पतपत्रावर किराणा घेतला तरी मैल 'कमावता' येतात. हे कमावणे बहुतांशी खर्च करण्याचेच दुसरे नाव आहे, आणि अनेक योजनांत ठरावीक मुदत उलटली की न वापरलेले मैल विरूनही जातात. तरी कधी कधी ते क्रियापद खरे ठरते. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने खाद्यपदार्थांच्या एका कंपनीची मैलांची योजना अटींसह शांतपणे वाचली. प्रत्येक वेष्टनामागे मिळणाऱ्या मैलांचे मोल त्या पदार्थाच्या किमतीहून अधिक आहे, हे त्याने ताडले. पंचवीस सेंटला एक मिळणारे पुडिंगचे बारा हजारांहून अधिक पेले त्याने विकत घेतले, आणि सुमारे ३,१०० डॉलरमध्ये साडेबारा लाखांच्या आसपास मैल पदरात पाडून घेतले. पुडिंग त्याने एका धर्मादाय संस्थेला दिले. तेथील स्वयंसेवकांनी त्या बदल्यात वेष्टने सोलून दिली. त्याला काही 'लागले' नव्हते. बारीक अक्षरे वाचण्याचे कष्ट त्याने घेतले होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. जिथे केवळ दैव होते, तिथे कंपनीने मला 'जिंकलात' म्हटले. जिथे खरोखर कौशल्य होते, तिथे आईने 'लागले' म्हटले. न्यायालयाने दैव आणि कौशल्य यांच्यात रेषा आखली. आईने ती स्वतःसाठी कधी आखली नाही, आणि तिच्या वतीने ती आखण्याची संधी असताना मी फलकावरच्या माझ्या नावाकडे पाहत राहिलो. 'लागणे' या क्रियापदातली नम्रता दैवाच्या देणगीपुढे शोभते. स्वतःच्या कष्टांवर आणि बुद्धीवर तीच पांघरली, तर श्रेय दुसरे कोणी उचलून नेते. बहुधा घरातलेच.

आई जाऊन अकरा वर्षे झाली. ती असताना मी तिची क्षमा मागितली नाही. मागितली असती, तर 'त्यात काय एवढे' असेच ती म्हणाली असती, ही माझी सोयीची समजूत आहे.

तुमच्यापैकी पुष्कळ जण नोकरी, संसार, शेती सांभाळून या पुस्तिका वाचता, हे मला ठाऊक आहे. सगळ्यांचे आटोपल्यावर उरलेल्या वेळात तुम्ही अभ्यासाला बसता. परीक्षेनंतर निकाल 'लागेल'; आपली भाषा तसेच म्हणते. तेव्हा शेजारी विचारतील आणि तुम्ही म्हणाल, "सुटले एकदाची", "नशिबाने पास झालो". तसे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. मराठीत 'जिंकणे' या क्रियापदाची एक विशेषता आहे. सकर्मक असूनही ते भूतकाळात कर्त्याला 'ने' लावण्याची सक्ती करीत नाही. कर्ता प्रथमेत ताठ उभा राहू शकतो आणि क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत 'तो पैज जिंकला' असे वाक्य देतात.

मी वर्गात दुसरे उदाहरण देतो. १९८८ च्या त्या फलकावर जे लिहिले जावयास हवे होते ते : आई स्पर्धा जिंकली.