बिऱ्हाड पाठीवर, धुक्याच्या डोंगरात

अमेरिकेतल्या गाड्या लांबरुंद, तेव्हा सामानाची काय चिंता, असं इकडे येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं. पण तीन ओळींच्या गाडीत तिन्ही ओळी माणसांनी भरल्या की डिकीत दोन बॅगा उभ्या राहतील एवढीच जागा उरते. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहतो. २०२५ च्या जूनमध्ये साताऱ्याहून सासूबाई-मामंजी आले आणि चार दिवस ग्रेट स्मोकी माउंटन्सला जायचं ठरलं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि वडील मंडळी दोन. लाकडी केबिन घेतलेली, म्हणजे स्वयंपाक आपला आपणच करायचा. कुकर, तवा, कणीक, पांघरुणं, मामंजींची घडीची खुर्ची! ढीग पाहून सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या गं, मी राहते घरी." इतक्या लांबून आलेल्या माणसाला सामानापायी मागे ठेवायचं? मला काही ते पटेना.

टपावर सामान बांधता येतं, पण तेवढ्या उंचीवर चढवणार कोण? शिवाय वाऱ्याला अडथळा होऊन पेट्रोल जास्त लागतं. तेव्हा गाडीच्या मागे, बंपरखालच्या हिचमध्ये अडकवायचं घडीचं कॅरियर घ्यायचं ठरवलं. लोखंडी जाळीची मोठी परातच म्हणा ना! रिकामं असलं की उभं दुमडून ठेवायचं, म्हणजे गाडी उभी करताना मागे शेपूट राहत नाही.

आमचे हे दुकानात रंग बघत होते आणि मी बाहेर टेप घेऊन गाडीमागे वाकले होते. मैत्रिणींनो, पहिलं माप हिचच्या चौकोनी तोंडाचं. ते आतून मोजायचं. बहुधा सव्वा इंच, नाहीतर दोन इंच भरतं. लहान तोंडात मोठं कॅरियर बसवायला जोड मिळतो, पण त्याने हिचची ताकद काही वाढत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. दुकानातल्या पाटीवर ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलो, असं लिहिलेलं असतं. ती ताकद कॅरियरची, आपल्या गाडीची नव्हे. लहान गाडीच्या हिचवर पुष्कळदा २०० पौंडच भार चालतो, आणि कॅरियरचं स्वतःचं पन्नास-साठ पौंड वजनही त्यातच धरायचं. गाडीच्या पुस्तकात, हिचवर आणि कॅरियरवर जे आकडे असतील त्यांतला सर्वांत लहान तो आपला. शिवाय ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेलं असतं. आमचा आकडा १,२५० पौंडांचा. सहा माणसांचे ८०० आणि कॅरियरचे ५५ गेले, उरले ३९५. न्हाणीघरातल्या काट्यावर एकेक पिशवी तोलून मी हिशेब त्याच्या आत बसवला. जड बॅगा गाडीच्या बाजूला, हलक्या कडेला.

तिसरं म्हणजे आजूबाजूचं बघायचं. दुमडलेलं कॅरियर डिकीच्या दाराला किंवा मागच्या जादा चाकाला घासता कामा नये. उतरणीवर ते रस्त्याला टेकत असेल तर वर उचललेल्या दांड्याचं घ्यावं. सायलेन्सरच्या नळीची गरम हवा थेट सामानावर येऊ देऊ नये. नंबरप्लेट आणि मागचे दिवेही झाकले जाता कामा नयेत, नाहीतर पोलीस अडवतात. हिचमध्ये दांडा खडखडू नये म्हणून आवळायची पकड मिळते, तीही घ्यावी. निघाल्यावर अर्ध्या तासाने थांबून पट्टे पुन्हा आवळायचे.

खाण्याच्या वस्तू मात्र एकही बाहेर ठेवली नाही. त्या डोंगरांत काळी अस्वलं पुष्कळ. वासावर येतात. म्हणून पांघरुणं, कपडे, खुर्ची कॅरियरवर आणि लोणचं, चिवडा, कणीक गाडीत. मुक्कामी पोचल्यावर रिकामे डबेसुद्धा बाहेर राहू दिले नाहीत.

चेरोकी गावाकडून घाट चढत आम्ही न्यूफाउंड गॅपला पोचलो. उंची ५,०४६ फूट, आपल्या महाबळेश्वरापेक्षाही जास्त. इथे नॉर्थ कॅरोलायना संपतं आणि टेनेसी सुरू होतं. समोर एकामागे एक निळसर डोंगर, त्यांवर धुराचा पातळ पडदा. तो धूर नव्हेच. जंगलातली झाडं हवेत जी वाफ सोडतात तिची ती निळाई, आणि तीवरूनच डोंगरांना 'स्मोकी' नाव पडलेलं. सगळ्यांत उंच शिखर ६,६४३ फुटांचं. त्याचं कुवोही हे मूळचं चेरोकी नाव २०२४ साली त्याला परत मिळालं. सासूबाई शाल लपेटून कठड्याशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "महाबळेश्वरच गं हे! फक्त भाजलेली कणसं तेवढी नाहीत."

कॅरियर घ्यायला निघालात तर वहीत चारच गोष्टी लिहून न्या: हिचचं तोंड, हिचचा भार, दारावरचा आकडा आणि डिकीचं दार उघडायला मागे किती जागा लागते ते. रंग मग ह्यांना निवडू द्या!