बेटावरची खोली की गावातली?

गेल्या वर्षी जुलै महिन्यात आम्ही उभयता सिंगापूरला जाऊन आलो. निमित्त सहलीचे, खरे कारण भेटीचे. आमचे वडील बंधू नाना आणि वहिनी ठाण्याला, आम्ही मुलासुनेसह अश्दोदला. नऊ वर्षांत गाठ नव्हती. नानांना इस्राएलपर्यंतचा प्रवास आता झेपत नाही. मुंबईहून सिंगापूर विमानाने साडेपाच तासांवर, आणि चिरंजीवांनी आपल्या मुलांना तेथील युनिव्हर्सल स्टुडिओ दाखवायचे कबूल केलेले. तेव्हा तेच ठरले.

उतरायचे कोठे, यावर मात्र फोनवरून महिनाभर खल झाला. हे उद्यान सेंटोसा बेटावर २०१० साली उघडले. त्याला लागूनच त्याच मालकांची हॉटेले आहेत. खोलीतून निघून पाच-सात मिनिटांत फाटकापाशी. चिरंजीवांचा हट्ट तेथेच राहण्याचा. नानांचे म्हणणे एकच : "शब्बाथला पायी सिनेगॉगला जाता येईल अशी जागा बघा." वॉटर्लू स्ट्रीटवरचे माघेन आबोथ हे १८७८ सालचे, बगदादी बांधवांनी उभारलेले, बेटापासून ते काही मैल दूर. त्यात त्या बेटाचे जुने मलायी नाव ब्लाकांग माती, म्हणजे 'मरणाच्या पाठीमागे', असे कोणीतरी नानांच्या कानावर घातले. १९७२ मध्ये ते बदलून 'शांती' या अर्थाचे सेंटोसा केले, हे आम्ही सांगितले. पण नानांना आयते कोलीत मिळाले होते.

शेवटी तोड निघाली. मुलगा, सून आणि नातवंडे बेटावर. आम्ही चौघे गावात. भाड्यात मोठी बचत झाली, कारण बेटावरच्या एका खोलीच्या पैशांत गावात आमच्या दोन्ही खोल्या झाल्या. सर्वांचे मन राखले, असे आम्हांस वाटले. येथेच आमची चूक झाली.

अमेरिकेत ऑर्लंडोला युनिव्हर्सलच्या काही हॉटेलांत उतरणाऱ्यास रांग टाळण्याचा पास भाड्यातच मिळतो, शिवाय बाहेर राहिले तर मोटारीवाचून गती नाही. तेथे जास्त भाडे देण्यात काही हशील आहे. सिंगापूरची गोष्ट वेगळी. आमच्या हॉटेलापासून दहा मिनिटे चालले की आगगाडीचे स्टेशन, नाव काय तर धोबी घाट! पूर्वी तेथल्या ओढ्यावर हिंदुस्थानी धोबी कपडे धूत, त्यावरून ते पडले. वहिनींना महालक्ष्मीची आठवण होऊन हसू आवरेना. तेथून चौथे स्टेशन हार्बरफ्रंट. वर व्हिवोसिटी नावाचा मोठा बाजार, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून बेटाची छोटी गाडी. सारे मिळून पाऊण तास. "ठाण्याहून व्ही. टी.ला यापेक्षा जास्त लागतो," नाना म्हणाले. उद्यानही फार मोठे नाही, सुमारे वीस हेक्टर. एका दिवसात मुलांचे समाधान होते.

तर मग बेटावरच्या खोलीचा उपयोग काय? तो आम्हांस दुपारी दोन वाजता कळला. विषुववृत्त तेथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. ऊन आणि दमट हवा अशी की अंगातले बळच जाते. नानांना बाकावर बसल्या बसल्या घेरी आली. गावातल्या खोलीपर्यंत पाऊण तास त्यांना नेणार कसे? चिरंजीवांची खोली जवळ होती म्हणून निभावले. नाना नातवंडांच्या पलंगावर पडले, लिंबूपाणी घेतले, आणि तासाभराने उठून त्यांनी पोरांना आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत, म्हणून लोक शनिवार तेली म्हणत, ती हकीकत सांगितली. पोरांचे मराठी मोडके, नानांचे हिब्रू प्रार्थनेपुरते. तरी संध्याकाळी कोणी पुन्हा पाळण्यात बसायला जाऊ या म्हणेना.

नऊ वर्षांनी भेटलेले आमचे कुटुंब चार दिवसांत असे एकत्र बसले ते तेवढेच. एरवी रात्री नऊ वाजले की आम्ही गाडी पकडायला निघत असू, आणि सकाळी पोहोचेपर्यंत त्यांची न्याहारी आटोपलेली असे.

आता कोणी विचारले तर आम्ही सांगतो, सोबत म्हातारे माणूस असेल तर उद्यानाच्या दिवशी, मधल्या वारी, सर्वांनी मिळून एक रात्र बेटावर काढावी आणि शुक्रवारी दुपारपूर्वी सर्वांनी गावात यावे. खोली खालच्या मजल्यावर मागावी. तेथील दारे विजेच्या कार्डाने उघडतात, म्हणून शब्बाथला दार उघडून देण्याविषयी कचेरीत आधीच बोलून ठेवावे. आम्हांस कोणी नाही म्हटले नाही.

आमच्या चिरंजीवांनी शुक्रवारच्या रात्रीचेही भाडे भरून ठेवले होते. सिंगापुरात सूर्य बाराही महिने सातच्या सुमारास मावळतो. वहिनींनी वेळेवर दिवे लावले, नानांनी किद्दूश केला. वहिनींनी सवयीने आठ जणांची पाने मांडली होती. चार तशीच राहिली.

शनिवारी सकाळी माघेन आबोथच्या दाराशी चिरंजीव दोन्ही मुलांसह उभे. बेटावरून इतक्या सकाळी पायी येणे शक्य नव्हते. नानांनी कसे आलात ते विचारले नाही. धाकट्याला जवळ घेऊन त्याची टोपी सरळ केली, आणि त्याचा हात धरून आत गेले.