पूर्वेस विहीर

खरेदीखतांचं इंग्रजी करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. नगरसारख्या गावात त्याला तोटा नसतो. बँकेच्या वरच्या कचेरीला मराठी दस्त वाचता येत नाही. परदेशात वाढलेल्या नातवंडांना मुखत्यारपत्रावर सही करण्याआधी आजोबांची जमीन नेमकी कोणती ते समजून घ्यायचं असतं. दावा हायकोर्टात गेला की खालच्या कोर्टातल्या कागदांची भाषांतरं जोडावी लागतात. दस्तातला बराचसा मजकूर साच्यातला. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो’पासून ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह’पर्यंतचं इंग्रजी आता बोटांत बसलंय. अडतं ते मधल्या चार ओळींत, चतुःसीमेत.

पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. पुढे कुणाची जमीन, कुठला गट नंबर, ओढा, शिवरस्ता, पाटाची चारी. दिसायला किती सोपं! नवीन पोरं भाषांतराला बसली की आधी हाच भाग उरकून टाकतात आणि ‘निधी-निक्षेपा’वर डोकं खाजवतात. माझ्या मते निधी-निक्षेपाचं इंग्रजी थोडं इकडंतिकडं झालं तरी कुणाचं काही जात नाही, कारण जमिनीत पुरलेला हंडा सहसा कुणाला सापडत नाही. चतुःसीमेत एक शब्द चुकला की बांध सरकतो.

मराठीतला तो ‘स’ मोठा सोयीचा आहे. ‘पूर्वेस ओढा’ म्हटलं की ओढा उगवतीच्या अंगाला आहे एवढं कळतं. तो आपल्याच रानातून वाहतो, की बांधाला घासून जातो, की मध्ये भावकीचा दोन गुंठ्यांचा तुकडा सोडून पलीकडं आहे, हे ‘स’ सांगत नाही. गावात ते सांगायची गरजही पडत नाही. ओढा सगळ्यांनी पाहिलेला असतो. इंग्रजीत मात्र ‘ईस्ट’ लिहिण्याआधी इन, ऑन आणि टू यांतला एक शब्द निवडावाच लागतो. ‘इन द ईस्ट ऑफ द लँड’ म्हणजे ओढा रानाच्या पोटात. ‘ऑन द ईस्ट’ म्हणजे कडेला लागून. ‘टू द ईस्ट’ म्हणजे हद्दीबाहेर. तो लागून असेल किंवा लांब असेल, पण आत नक्की नाही.

शाळेत हे शिकवताना सगळा भारत आणि वर श्रीलंका लागते. मला आपला जिल्हा पुरतो. अकोले तालुका ‘इन द नॉर्थवेस्ट ऑफ द डिस्ट्रिक्ट’, कारण तो जिल्ह्यातच आहे. गोदावरी काही अंतरापर्यंत ‘ऑन द नॉर्थ’, भीमा तशीच ‘ऑन द साउथ’, कारण तिथं नदी हीच हद्द. बीड जिल्हा ‘टू द ईस्ट’. कळसूबाईच्या रांगेला यातलं कुठलंच घर नीट बसत नाही. ती नाशिक आणि नगर यांच्या सीमेवरच उभी आहे, तेव्हा सरळ ‘ऑन द बाउंड्री’ म्हणावं आणि मोकळं व्हावं.

आता श्रीरामपूर घ्या. ‘श्रीरामपूर इज नॉर्थ ऑफ नगर’ हे बरोबर. ‘श्रीरामपूर इज इन द नॉर्थ ऑफ नगर’ हेही बरोबर. पण पहिल्या वाक्यातलं नगर हे शहर आणि दुसऱ्यातलं जिल्हा. आपण दोन्हींना एकाच नावानं हाक मारतो, त्यामुळे मराठीत कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत तेवढा ‘इन द’ सगळा नकाशा बदलून टाकतो. पहिल्या वाक्यात श्रीरामपूर वेशीबाहेर, दुसऱ्यात घरात. म्हणून भाषांतरात मी नुसतं नगर कधीच लिहीत नाही. ‘सिटी’ किंवा ‘डिस्ट्रिक्ट’ जोडतोच. 2024 पासून अहिल्यानगर हे नाव आलं, तरी जुन्या दस्ताच्या भाषांतरात दस्तात असेल तेच ठेवायचं. नवं नाव टीपेत द्यायचं, म्हणजे वाचणाऱ्याला दोन जिल्हे वाटायला नकोत.

आणखी एक खोड आपल्या सगळ्यांचीच. ‘ते उत्तरेकडे गेले’ याचं हमखास ‘दे वेंट टू नॉर्थ’ होतं. ‘कडे’साठी ‘टू’ टाकायची सवय सुटत नाही. इंग्रजीत नुसतं ‘वेंट नॉर्थ’ पुरतं. तिथं दिशा हेच क्रियेचं शेपूट असतं, त्याला आणखी प्रत्यय लागत नाही. ‘टू’ हवाच असेल तर सोबत ‘द’ पाहिजे. दौंड-मनमाड लोहमार्ग नगरहून ‘रन्स नॉर्थ’, तो ‘टू नॉर्थ’ धावत नाही.

बोलता बोलता विहिरीचं राहिलं. या कामातली निम्मी डोकेदुखी विहिरींची असते. एका जुन्या खरेदीखतात चतुःसीमा अशी होती: पूर्वेस विहीर व त्यापलीकडे अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस गट नंबर तमका. बँकेला इंग्रजी हवं होतं आणि बँकेचा खरा प्रश्न पाण्याचा होता, कारण कर्ज द्राक्षाच्या बागेला होतं. ‘इन द ईस्ट’ लिहावं तर विहीर कर्जदाराची आणि तारणाची किंमत वाढली. ‘टू द ईस्ट’ लिहावं तर विहीर शेजाऱ्याची आणि बाग कोरडी. ‘त्यापलीकडे’ या शब्दानं तर आणखी घोळ घातला. विहिरीच्या पलीकडे अमका, म्हणजे विहीर अलीकडच्याची, असं कुणीही म्हणेल. ते कायद्यात टिकेल का, ते वकिलांनी बघावं. मी म्हाताऱ्याला बोलावून घेतलं.

“बाबा, विहीर तुमच्या बांधाच्या आत हाये का बाहेर?”

“बांधातच हाये ना. बांध तिच्यापाशी येऊन थांबतो, मग तिच्या पल्याडून पुढं जातो.”

“मग पाणी?”

“आठ आणे आमचं, आठ आणे त्यांचं. पाळी ठरल्याली हाये.”

सातबारा पाहिला. इतर हक्कांत विहिरीचा निम्मा हिस्सा नोंदवलेला होता. मोजणीची क प्रत पाहिली, तर विहिरीचं वर्तुळ बरोबर हद्दीच्या रेघेवर. मग लिहिलं ‘ऑन द ईस्ट, अ वेल स्टँडिंग ऑन द कॉमन बाउंड्री’ आणि कंसात सामाईक हिस्सा. भाषांतराची ती एक ओळ व्हायला सातबारा, नकाशा आणि म्हातारा, तिघंही लागले. टेबलावर बसून हे ठरवता येत नाही, शब्दकोशात तर मुळीच सापडत नाही.

गंमत म्हणजे कायद्यालाही या दिशांची काळजी आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 21 सांगतं की दस्तातली मिळकत ओळखता येईल असं तिचं वर्णन पाहिजे. शहरातलं घर असेल तर ते ज्या रस्त्यावर आहे त्याच्या उत्तर किंवा अन्य बाजूला आहे असं सांगायचं. शेतजमीन असेल तर तिला लागून असलेले रस्ते आणि मिळकती सांगायच्या, आणि जमेल तिथं सरकारी नकाशाचा किंवा भूमापनाचा आधार द्यायचा. म्हणजे कलमाला इंग्रजीतली ‘ऑन’ची भाषा अभिप्रेत आहे, शेजार दाखवणारी. आपल्याकडं ‘लगत’ म्हणतात तेच.

शहरातल्या घरांत मात्र या ‘उत्तर बाजू’नं मजा येते. रस्त्याच्या उत्तर बाजूला असलेल्या घराचं तोंड दक्षिणेला असतं. ‘ऑन द नॉर्थ साइड ऑफ द रोड’ आणि ‘साउथ-फेसिंग’ हे एकाच घराचं वर्णन. दक्षिणमुखी घर घ्यायला गिऱ्हाईक कचरतं. म्हणून काही एजंट बोलताना ‘उत्तर बाजूचं’ एवढंच सांगतात. खोटं बोलले असं म्हणता येत नाही. भाषांतरात मी दोन्ही लिहितो, मग कुणाला काय वाटायचं ते वाटो.

खरी अडचण पुढं आहे. दस्तातली पूर्व ही पूर्वच आहे हे कशावरून? जुनी खतं लिहिताना कुणी होकायंत्र लावत नसे. बांधावर उभं राहून उगवतीकडं हात करायचा, लेखनिकानं लिहायचं. आता नगर आहे साधारण 19 अंश अक्षांशावर. इथं जूनच्या शेवटी सूर्य खऱ्या पूर्वेपासून सुमारे 25 अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरच्या शेवटी तेवढाच दक्षिणेला. दोन टोकांत जवळजवळ 50 अंशांचा फरक. पौषात लिहिलेल्या खताची ‘उगवती’ आणि ज्येष्ठात लिहिलेल्या खताची ‘उगवती’ शेजारीशेजारी ठेवून पाहिली तर शेत फिरल्यासारखं वाटतं. त्यात आपली रानं कुठं चौकोनी असतात? ती ओढ्याच्या वळणानं आणि उताराच्या कलानं पडलेली. बाजू ईशान्येला असते, दस्तात पूर्व होते.

यावर मुंबई-पुण्याच्या वकिलांच्या इंग्रजी मसुद्यांत एक जुनी तोड रूढ आहे: ‘ऑन ऑर टुवर्ड्स द ईस्ट’. पूर्वेस किंवा पूर्वेच्या अंगाला. ज्यानं कुणी हे ‘ऑर टुवर्ड्स’ घुसवलं त्याला माझा नमस्कार. चिकटून आहे हेही धरलं आणि दिशा काटेकोर नाही हेही कबूल केलं. मराठी ‘स’च्या सगळ्यात जवळ जाणारं इंग्रजी हेच. फक्त ते हद्दीला वापरावं, वस्तूला वापरू नये. विहीर, झाड, घर, बोअर यांना ‘टुवर्ड्स’ लावलं की परत तोच तंटा, आत की बाहेर.

क्रमाचंही बघायला लागतं. आपण पूर्वेपासून सुरू करतो आणि उत्तरेवर संपवतो. इंग्रजी माणूस उत्तरेपासून मोजतो. आपण दक्षिणोत्तर म्हणतो, तो ‘नॉर्थ-साउथ’ म्हणतो. उपदिशांना आपल्याकडं ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य अशी स्वतंत्र नावं, तर त्याच्याकडं जोडकाम, आणि त्या जोडकामात उत्तर-दक्षिण कायम पुढं. ‘ईस्टनॉर्थ’ असा शब्द नाही, तरी तो मी सही-शिक्क्यानिशी टाइप केलेला पाहिला आहे. दस्ताचा क्रम मात्र मी बदलत नाही. मूळ कागद आणि भाषांतर शेजारी धरून ओळीला ओळ ताडून बघणारा कारकून कुठंतरी बसलेला असतो, त्याचे हाल कशाला करायचे.

मोठ्या लिपीतल्या अक्षरांचाही एक प्रश्न विचारतात. दिशा नुसती दिशा असेल तर ‘वेस्ट’चा डब्ल्यू लहान, मुलखाचं नाव असेल तर मोठा. आपला जिल्हा या बाबतीत विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायलाच जन्मलेला आहे. महसुली दृष्टीनं तो नाशिक विभागात, म्हणजे उत्तर महाराष्ट्रात. साखर कारखाने आणि राजकारण यांच्या हिशेबात पश्चिम महाराष्ट्रात. पावसाचा अंदाज देणारं हवामान खातं त्याला मध्य महाराष्ट्रात धरतं. शिवाय जिल्ह्याच्या पोटात उत्तर नगर आणि दक्षिण नगर आहेतच, लोकसभेचे मतदारसंघही शिर्डी आणि नगर असे तसेच वाटलेले. ही सगळी नावं, म्हणून अक्षर मोठं. ‘दक्षिणेतला उमेदवार’ म्हटल्यावर तमिळनाडूचा माणूस डोळ्यासमोर आणणारा वाचक नगरचा नव्हे.

पाटपाण्याच्या कागदांत दिशाच नसतात, तिथं डावा कालवा आणि उजवा कालवा. नदीच्या वाहण्याकडं तोंड करून उभं राहिलं की कळतं. प्रवरा पूर्वेला वाहते, म्हणून तिचा डावा काठ म्हणजे उत्तरेचा. सीना नगर शहराच्या पश्चिमेकडून दक्षिणेला जाते, म्हणून तिचा डावा काठ पूर्वेचा आणि जुनं शहर त्या काठावर. ‘लेफ्ट बँक’चं ‘नॉर्थ बँक’ करायचा मोह होतो, तो आवरायचा. पाटबंधारे खात्याचा कागद असेल तर त्यांचंच ठेवावं. सिद्धटेकसारखं ठिकाण असेल तर खुशाल ‘ऑन द नॉर्थ बँक ऑफ द भीमा’ लिहावं, कारण तिथं दौंडकडून येणाऱ्याला नदी ओलांडायची की नाही एवढंच हवं असतं.

सगळ्यात अवघड तुकडे तीन कोनांचे. रस्ता आणि ओढा एकमेकांकडं येत येत एका टोकाला मिळतात, मधे त्रिकोणी रान उरतं. बाजू तीन, पण दस्ताच्या साच्यात रकाने चार, आणि रिकामा रकाना कुणाला चालत नाही. जुने लेखनिक तिथं ‘उत्तरेस निमुळते टोक’ असं लिहून मोकळे व्हायचे. मी त्याचं ‘ऑन द नॉर्थ, द पॉइंट व्हेअर द रोड अँड द स्ट्रीम मीट’ करतो. बँकेकडून बहुतेक वेळा उलट चिठ्ठी येते की उत्तरेच्या लगतधारकाचं नाव राहिलं आहे, तेवढं भरून पाठवावं. मग क प्रतीची झेरॉक्स काढायची, त्या टोकाभोवती लाल शाईनं गोल करायचा आणि सोबत जोडून द्यायची.